एका चौकातली तीन ग्रंथालयं : प्रस्तावना

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराने आपल्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयाच्या तीन इमारती गमावल्या. पहिली १८७९ साली जळाली, दुसरी १९७४ साली पाडली, तिसरी २०१६ साली. तिन्ही टाउन हॉलच्या जवळ, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर होत्या. चौथी आज उभी आहे.

ग्रंथालयं नष्ट होण्याच्या ज्या कथा आपल्या कानांवर असतात, त्यांत बहुधा एक खलनायक असतो. कुणी तरी स्वारी करून येतो, आग लावतो आणि पोथ्या महिनोन्‌महिने धुमसत राहतात. बर्मिंगहॅमच्या गोष्टीत असा माणूस सापडत नाही. इथे समित्या आहेत, ठराव आहेत, निविदा आहेत, मोठमोठे नकाशे आहेत. पाडणारी माणसं पुस्तकांची वैरी नव्हती. उलट ग्रंथालयासाठी पैसा मंजूर करणारी तीच होती. आणि जुनी इमारत पाडण्यासाठी त्यांनी जे कारण पुढे केलं, तेच ती इमारत उभारतानाही पुढे केलेलं होतं. शहराला याहून मोठं, याहून चांगलं ग्रंथालय हवं! या एका वाक्याने तिथे ग्रंथालयं बांधली आणि त्याच वाक्याने ती पाडली. पुढची सगळी प्रकरणं या विसंगतीभोवती फिरतात.

बर्मिंगहॅमच का, असं वाचक विचारेल. जुनी ग्रंथालयं इतर शहरांनीही पाडली आहेत. बॉस्टनची बॉइलस्टन स्ट्रीटवरची इमारत १८५८ साली उघडली आणि १८९९ साली जमीनदोस्त झाली. अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहरात लोखंडी गॅलऱ्यांचे मजल्यांवर मजले चढवलेलं एक भव्य ग्रंथालय होतं, ते १९५५ साली गेलं. त्याची छायाचित्रं पाहून आजही लोक हळहळतात. पण ही शहरं एकेका इमारतीसाठी हळहळतात. एकाच चौकात हे पुन्हा पुन्हा घडलेलं पाहायचं, तर बर्मिंगहॅमलाच जायला हवं. तिथे हळहळही पिढीगणिक बदलते. आजोबा एका इमारतीसाठी चुकचुकतात, नातू दुसरीसाठी.

या शहराला ग्रंथांची ओढ आधीपासूनची. वर्गणीदारांनी चालवलेलं ‘बर्मिंगहॅम लायब्ररी’ १७७९ सालचं. त्याची घडी बसवण्यात जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. ऑक्सिजनच्या शोधाशी आपण शाळेत जोडतो तोच हा प्रीस्टली. १७९१ च्या जुलैत शहरात दंगल उसळली, जमावाने त्याचं घर पेटवलं आणि घरातली प्रयोगशाळा, हस्तलिखितं, खाजगी ग्रंथसंग्रह यांची राख झाली. प्रीस्टली गाव सोडून गेला. फार शोधलंच, तर या इतिहासातला एकमेव खलनायक म्हणजे तो जमाव. पण ते घर खाजगी होतं आणि आपला विषय सार्वजनिक ग्रंथालयांचा आहे.

सार्वजनिक याचा इथला अर्थ करातून चालणारं. १८५० साली विल्यम यूअर्ट या खासदाराच्या खटपटीने ब्रिटिश संसदेत ग्रंथालयांचा कायदा झाला. दहा हजारांवर वस्ती असलेल्या गावाला मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर, दर पौंडामागे अर्धा पेनी, एवढा कर ग्रंथालयासाठी लावता येऊ लागला. अट अशी, की मत देणाऱ्या करदात्यांपैकी दोन-तृतीयांशांनी होकार दिला पाहिजे. त्यातला विचित्र भाग पुढेच आहे. या पैशातून इमारत बांधता येई, नोकर नेमता येत, पण पुस्तक विकत घेता येत नसे! पुस्तकं कुणी दानशूर देईल, असा संसदेचा होरा. ग्रंथालय कायद्यात अवतरलं ते असं, आधी भिंती आणि मग जमलं तर ग्रंथ. १८५५ साली कराची मर्यादा एक पेनीवर गेली आणि पुस्तकखरेदीची मुभा मिळाली.

इथे जरा आपल्याकडे पाहायला हवं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्यात ग्रंथालय-कर नाही. संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना सरकार अनुदान देतं, बाकीचा भार वर्गणीवर आणि देणग्यांवर. त्यामुळे आपल्या गावातलं वाचनालय कुणा दात्याच्या नावाने ओळखलं जातं आणि त्याची इमारत पाडायची तर आधी विश्वस्तांची सभा भरते, मग वार्षिक सभेत वादावादी होते, कधी प्रकरण धर्मादाय आयुक्तांपर्यंत जातं. बर्मिंगहॅममध्ये कर घेणारी महापालिका, बांधणारी महापालिका आणि पाडणारीही तीच. एकाच हाती हे सगळं आल्यामुळे कामं झपाट्याने झाली. बांधकामंही आणि पाडकामंही.

बर्मिंगहॅमने हा कायदा लगेच स्वीकारला नाही. १८५२ साली मतदान झालं, त्यात बहुमत मिळालं, पण दोन-तृतीयांशांची अट पुरी झाली नाही. कर वाढणार म्हटल्यावर दुकानदारवर्गाच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मँचेस्टर, लिव्हरपूल पुढे गेली. १८६० साली पुन्हा कौल घेतला तेव्हा होकार आला आणि १८६१ साली कॉन्स्टिट्यूशन हिल भागात पहिली शाखा उघडली.

या आठ वर्षांत शहराचं मन वळवणाऱ्यांत जॉर्ज डॉसन हे नाव पहिलं. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथाचा हा धर्मोपदेशक. त्याच्या प्रवचनांत परलोक कमी आणि नगरपालिका जास्त. गटारं, पाणी, शाळा, ग्रंथालय ही धर्मकार्यं आहेत आणि ती शहराने एकत्र येऊन करायची, असं तो व्यासपीठावरून सांगे. त्याची प्रवचनं ऐकणाऱ्यांतून शहराला नगरसेवक मिळाले, महापौर मिळाले. १८६६ साली संदर्भ ग्रंथालयाच्या उद्‌घाटनाला त्यानेच भाषण केलं. राष्ट्राने प्रजेसाठी जी कर्तव्यं करायची, तीच मोठ्या शहराने आपल्या लोकांसाठी करायची आणि हे ग्रंथालय त्या समजुतीचं पहिलं फळ आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय. मुंबई-पुण्यातल्या सुधारकांच्या तोंडीही हे शोभलं असतं. फरक एवढाच, की डॉसनच्या शहराकडे स्वतःची तिजोरी होती.

पहिली इमारत तडजोडीतून झाली. शेजारी ‘मिडलंड इन्स्टिट्यूट’ ही शिक्षणसंस्था १८५७ पासून उभी होती. तिचा वास्तुविशारद एडवर्ड मिडलटन बॅरी, म्हणजे लंडनच्या संसदभवनाचे वास्तुकार सर चार्ल्स बॅरी यांचा मुलगा. ग्रंथालय त्याच इमारतीला जुळं म्हणून व्हायचं होतं. पण बॅरीच्या आराखड्याची निविदा १४,२५० पौंडांची आली आणि नगरसेवकांचे डोळे पांढरे झाले. मग ‘मार्टिन अँड चेंबरलेन’ या स्थानिक जोडीला काम गेलं. त्यांनी बाहेरचा अभिजात शैलीचा चेहरा बॅरीचाच ठेवला, आतली मांडणी बदलली आणि खर्च ८,६०० पौंडांवर आणला. १८६५ च्या सप्टेंबरात घरी पुस्तकं देणारा विभाग उघडला, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात संदर्भ विभाग. १८७२ पासून संदर्भ विभाग रविवारीही उघडा राहू लागला. आज यात काही वाटत नाही. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये रविवार हा चर्चचा. आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात राबणाऱ्या माणसाला वाचायला मिळतो तो एकच दिवस, हे मान्य करायला धर्मभीरूंशी चांगलंच भांडावं लागलं.

दिमाख कशाचा असेल, तर शेक्सपिअर संग्रहाचा. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड गाव इथून जवळच, तेव्हा एकाच परगण्यातलं. त्याच्या सगळ्या आवृत्त्या, सगळी भाषांतरं, त्याच्यावर लिहिलेलं सगळं एका जागी असावं आणि ते कुणाही कामगाराला फुकट पाहता यावं, ही कल्पना डॉसनने १८६१ साली मांडली. १८६४ साली शेक्सपिअरच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने संग्रह महापालिकेला देण्याचं ठरलं आणि १८६८ च्या २३ एप्रिलला तो खुला झाला. त्याच्या जोडीला वॉरिकशर परगण्याच्या इतिहासाची स्टॉन्टन यांची दप्तरं आली आणि विल्यम ब्रॅग यांनी दिलेला, स्पॅनिश लेखक सर्व्हान्टेसच्या साहित्याचा संग्रहही आला. पंधरा वर्षांच्या आत एका कारखानदारी गावाकडे विद्वानांनी दुरून यावं असं काही जमलं.

११ जानेवारी १८७९, शनिवार. ग्रंथालय अपुरं पडू लागलं होतं म्हणून विस्ताराचं काम चालू होतं आणि तात्पुरती भिंत म्हणून लाकडी फळ्यांचा आडोसा उभा केला होता. त्या आडोशामागे आग लागली. संदर्भ विभागातल्या जवळपास पन्नास हजार खंडांपैकी हजारभर वाचले. शेक्सपिअर संग्रहातल्या सात हजारांपैकी पाचशेच्या आसपास हाती लागले. सर्व्हान्टेस आणि स्टॉन्टन संग्रहांचीही बहुतेक राखच झाली. ग्रंथालय वाढवायला घेतलं आणि त्या वाढीनेच ते गिळलं. पुढच्या दोन इमारतींचं मरण याहून संथ होतं इतकंच.

मराठी वाचकाला १८७९ म्हटलं की दुसरी आग आठवेल. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याचा बुधवार वाडा जळाला. १८४८ साली स्थापन झालेली पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी त्याच वाड्यात होती. पेशव्यांच्या वाड्यात सरकारी कचेऱ्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलेलं हे ग्रंथालय आगीनंतर पुन्हा उभं राहिलं आणि पुणे नगर वाचन मंदिर या नावाने पुढे चालत आलं. दोन आगींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ज्या दशकात सार्वजनिक वाचनाची कल्पना दोन्हीकडे रुजत होती, त्याच दशकात ती लाकडाच्या आधाराने उभी होती, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

बर्मिंगहॅमने उसंत घेतली नाही. वर्गणी गोळा झाली, ठिकठिकाणांहून पुस्तकं आली आणि १ जून १८८२ रोजी दुसरं ग्रंथालय उघडलं. यावेळी काटकसर नव्हती. खर्च ५४,९७५ पौंड, म्हणजे पहिल्याच्या सहापटींहून अधिक. वास्तुविशारद जॉन हेन्री चेंबरलेन. शहराचा गाजलेला महापौर जोसेफ चेंबरलेन याच्याशी त्याचं नातं नव्हतं, नुसतं नाव एक. पण दोघांची जोडी मात्र जमलेली. महापौराने गॅस आणि पाणी या दोन्ही कंपन्या शहराच्या मालकीच्या केल्या. वास्तुविशारदाने त्या शहराला चेहरा दिला. कलासमीक्षक जॉन रस्किनचा हा भक्त. लाल वीट, कोरीव दगड, पानाफुलांची नक्षी यांवर त्याचा फार जीव. मुलांच्या शाळाही त्याने अशा बांधल्या, की गल्लीबोळात राहणाऱ्या पोराला रोज काही तरी सुंदर दिसावं.

ग्रंथालयासाठी त्याने उत्तर इटलीच्या वळणाची शैली घेतली. आतलं मुख्य वाचनदालन उंच, भिंतींच्या माथ्याशी खिडक्यांची रांग, तिथून उजेड खाली टेबलांवर उतरायचा. भोवती गॅलऱ्या. १९७४ च्या पाडकामाच्या वेळची छायाचित्रं उपलब्ध आहेत. त्यांत छत उघडं पडलेलं हे दालन पाहिलं की अशा खोलीत बसून वाचलेलं एखादं रटाळ पुस्तकही लक्षात राहिलं असेल, असं वाटून जातं. शेक्सपिअर संग्रहासाठी त्याने स्वतंत्र खोली केली. तिच्या भिंतींना लाकडी फळ्यांचं अस्तर, काचेची कपाटं आणि कोरीवकाम. इमारत उघडली आणि दुसऱ्या वर्षी, १८८३ च्या ऑक्टोबरात, मिडलंड इन्स्टिट्यूटमध्ये व्याख्यान देऊन झाल्यावर चेंबरलेन हृदयविकाराने अचानक गेला. जोसेफ चेंबरलेनच्या गौरवार्थ त्याने रचलेलं कारंजं आजही त्या चौकात आहे. समोरचं त्याचं ग्रंथालय नाही.

खोली सुंदर होती, पण संग्रह वाढतच राहिला. १९०६ सालापर्यंत शेक्सपिअरची पुस्तकं त्या खोलीत मावेनात, म्हणून ती मोठ्या जागेत हलवली. जे खोलीचं झालं तेच इमारतीचं. ग्रंथालयाच्या वास्तुशास्त्रातलं हे जुनंच दुखणं. संग्रह दरवर्षी वाढतो आणि इमारत उद्‌घाटनाच्या दिवशी जेवढी असते तेवढीच राहते. १९३८ साली महापालिकेकडे नव्या ग्रंथालयाची शिफारस गेली. मग युद्ध आलं. १९४० साली जर्मन बॉम्बनी शहराचा जुना मार्केट हॉल आतून जाळून टाकला. ग्रंथालय मात्र वाचलं. त्याला संपवायला जर्मन विमानं लागली नाहीत, शहराच्या अभियंत्याचा नकाशा पुरला.

हर्बर्ट मॅन्झोनी १९३५ पासून १९६३ पर्यंत बर्मिंगहॅमचा मुख्य अभियंता होता. अतिशय कर्तबगार माणूस. झोपडवजा वस्त्या हटवून त्याने हजारो कुटुंबांना नळ आणि संडास असलेली घरं दिली, हे विसरून त्याला शिव्या घालणं सोपं आहे आणि इंग्रजी लेखनात तसं बरंच झालं आहे. पण जुन्या इमारतींबद्दल त्याला खरोखरच ममत्व नव्हतं. बर्मिंगहॅममध्ये जपण्याजोगं जुनं फारसं काही नाही, आठवण ठेवायचीच तर ती कागदावर ठेवावी, अशा अर्थाचं तो उघडपणे बोलला. मोटारी बनवणाऱ्या शहराला मोटारींसाठी रस्ते हवे होते. शहराच्या गाभ्याभोवती रुंद रिंग रोड आखला गेला, १९५७ साली काम सुरू झालं आणि १९७१ साली पुरं झालं. हा रस्ता आणि त्याच्या आतली पुनर्रचना यांच्या मार्गात ग्रंथालयाचा सगळा परिसर येत होता. बॅरीची मिडलंड इन्स्टिट्यूट १९६५ साली पडली. त्याच सुमारास जवळचं मेसन कॉलेज गेलं. ग्रंथालयाला थोडी मुदत मिळाली ती नवं बांधून होईपर्यंतच.

नव्याचा वास्तुविशारद जॉन मॅडिन, बर्मिंगहॅमच्याच मोझली भागात जन्मलेला. त्याचं ग्रंथालय १९७४ च्या जानेवारीत उघडलं. हॅरल्ड विल्सन तेव्हा विरोधी पक्षनेते होते, उद्‌घाटन त्यांनी केलं. कोळसा कामगारांच्या संपामुळे त्या महिन्यात देशातल्या कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती. विजेच्या अशा टंचाईत तेव्हाचं युरोपातलं सर्वांत मोठं महापालिका ग्रंथालय सुरू झालं. उलटा ठेवलेला पायऱ्यांचा मनोरा, असं त्याचं रूप. वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा पुढे झुकलेला, मध्ये आकाशाला उघडा चौक, चहूबाजूंनी काँक्रीट. बाहेरून तो बोजड दिसे, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावी. आत मात्र वेगळंच होतं. पुस्तकांचे मजले चौकाकडे तोंड करून रचलेले, उजेड आतल्या बाजूने घेतलेला आणि बाहेरच्या रहदारीचा गोंगाट पाठीमागे टाकलेला.

मॅडिनला बाहेरून नैसर्गिक दगडाचं आवरण हवं होतं. महापालिकेने पैशाअभावी ते काँक्रीटवर भागवलं. खाली बसस्थानक होणार होतं, त्याची जागा झाली, बस काही आल्या नाहीत. मधला उघडा चौक पुढे काचेच्या छताखाली झाकला आणि तिथे खाण्यापिण्याची दुकानं थाटली. मग दर काही वर्षांनी लोक विचारू लागले, ही इमारत इतकी उदास का दिसते? अर्धवट सोडलेल्या कामाचं खापर वास्तुविशारदाच्या डोक्यावर फोडण्याची ही रीत आपल्याकडच्या नाट्यगृहांच्या आणि मंडयांच्या बाबतीतही चांगली परिचयाची आहे. युवराज चार्ल्स यांनी तर ही पुस्तकं ठेवायची नव्हे, जाळायची जागा दिसते, अशा आशयाचा शेरा मारला. शेरा गाजला. पण ज्या बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात पुस्तकं खरोखर जळाली, ते बॅरीच्या अभिजात खांबांचं होतं, युवराजांना बघताक्षणी आवडलं असतं असं.

१९७४ सालीच चेंबरलेनचं जुनं ग्रंथालय पाडलं. काही काळ दोन्ही इमारती शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक रिकामी होत होती, दुसरी भरत होती. या ठिकाणी माझा पक्ष स्पष्ट करून टाकतो. जुन्या इमारतीत एक दालन संग्रहालयासाठी, एक शाखेसाठी, एक सभांसाठी, असा काहीही वापर करता आला असता. ती गेली ती रस्त्याच्या आणि चौकाच्या आराखड्यात तिला जागा नव्हती म्हणून. आणि चाळीस वर्षांनी मॅडिनची गेली तीही नेमक्या याच कारणाने. दोन्ही पाडकामं मला चूक वाटतात, आणि दुसरं अधिक चूक वाटतं. कारण तोवर पहिल्याचा पश्चात्ताप करून झाला होता. व्हिक्टोरियन ग्रंथालय पाडलं याबद्दल हळहळणाऱ्या शहराने तोच पश्चात्ताप काँक्रीटच्या विरोधात वापरला. सुंदर जुनं पाडून हे कुरूप आणलं, तेव्हा आता हेही पाडा! बदला घ्यायचाच, तर तो रस्त्याच्या आराखड्यावर घ्यायला हवा होता.

पाडू नये म्हणणारे होतेच. वारसा जपणाऱ्या ‘इंग्लिश हेरिटेज’ या सरकारी संस्थेने मॅडिनच्या इमारतीला संरक्षित वारशाचा दर्जा द्यावा, अशी शिफारस केली. मंत्र्यांनी ती फेटाळली आणि २००९ साली इमारतीला असा दर्जा पुढची काही वर्षं देता येणार नाही, असं प्रमाणपत्रच दिलं. २०१२ साली ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने धोक्यातल्या वास्तूंच्या आपल्या यादीत ब्रिटनमधल्या ज्या काँक्रीटच्या इमारती घेतल्या, त्यांत हीही होती. त्याच वर्षी जानेवारीत मॅडिन वारला, वयाच्या ८७व्या वर्षी. बीबीसीचं पेबल मिल केंद्र आणि ‘पोस्ट अँड मेल’ वृत्तपत्राची कचेरी या त्याच्या दोन्ही इमारती त्याच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. ग्रंथालय पाडलेलं त्याला पाहावं लागलं नाही. २०१५ च्या डिसेंबरात यंत्रं लागली, २०१६ मध्ये काम आटोपलं. आता तिथे कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती आहेत.

नवं ‘लायब्ररी ऑफ बर्मिंगहॅम’ तिथून चालत काही मिनिटांवर, सेंटेनरी स्क्वेअरमध्ये आहे. डच वास्तुविशारद फ्रान्सिन हौबेन यांच्या ‘मेकानू’ या संस्थेचं हे काम. खर्च सुमारे १८ कोटी ९० लाख पौंड. बाहेरून धातूच्या गोल कड्यांची जाळी, आत एकावर एक गोल चौक. ३ सप्टेंबर २०१३ रोजी मलाला युसुफझाईने ते उघडलं. गोळी लागल्यावर तिच्यावर उपचार याच शहरात झाले होते आणि ती तिथेच राहत होती. मला ही इमारत आवडते. गच्चीवरच्या बागा सुरेख आहेत. आणि अगदी वर, सोनेरी गोल मजल्यावर, चेंबरलेनची १८८२ ची शेक्सपिअर खोली आहे. मूळचं फळ्यांचं अस्तर, कपाटं, कोरीवकाम जसंच्या तसं. १९७४ साली ती फळी-फळी सुटी करून ठेवली होती, पुढे संगीत विद्यालयाच्या काँक्रीटच्या इमारतीत बसवली होती, तिथून ती इथे आली. पाडापाडीच्या या इतिहासातून खोली वाचली, कारण ती लाकडाची होती आणि खिळे-स्क्रू काढून उचलता येत होती. दगडाचा दर्शनी भाग, उंच वाचनदालन, गॅलऱ्या यांना ही सोय नव्हती. शेक्सपिअर संग्रहाने आगीनंतर नव्याने सुरुवात केली आणि आज तो चाळीस हजार खंडांच्या पुढे गेला आहे. १८८१ साली, इमारत उभी व्हायच्याही आधी, शहराने शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ ची पहिली एकत्रित आवृत्ती, म्हणजे फर्स्ट फोलिओ, विकत घेतली होती. तीही सुरक्षित आहे.

उद्‌घाटनाला दोन वर्षं व्हायच्या आत, २०१५ साली, या नव्या ग्रंथालयाचे आठवड्याचे तास ७३ वरून ४० वर आले. निम्म्याच्या आसपास नोकरवर्ग कमी करण्याची वेळ आली. केंद्र सरकारकडून येणारा पैसा आटला होता आणि इमारतीच्या कर्जाचे हप्ते व देखभाल डोक्यावर होती. दार बंद ठेवायचा एक वार निवडला गेला, तो रविवार. १८७२ साली भांडून मिळवलेला. १८५० च्या कायद्यात पैसा इमारतीसाठी होता, पुस्तकांसाठी नव्हता. २०१५ मध्ये इमारत होती, पुस्तकं होती, आणि दार उघडून बसायला माणसं ठेवण्याइतका पैसा नव्हता. पाडकामांचा इतिहास लिहिताना हे प्रकरण घ्यावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. पाडलं काहीच नव्हतं. तरी तेहतीस तास गेले होते, आणि ते कुठल्याही छायाचित्रात दिसत नाहीत. म्हणून घेतलं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. पहिली तीन प्रकरणं तीन इमारतींची, आणि त्यांत मधलं सर्वांत मोठं झालं आहे, कारण चेंबरलेनच्या कामाविषयी मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही. मॅन्झोनीचं प्रकरण स्वतंत्र आहे. ते रस्त्यांविषयी अधिक आणि ग्रंथालयांविषयी कमी आहे, घाईत असलेल्या वाचकाने ते गाळलं तरी चालेल. नगररचनेत काम करणाऱ्याने मात्र गाळू नये. वास्तुशैलींच्या वर्णनात मी शक्य तिथे साधे शब्द वापरले आहेत. खांब कुठल्या पद्धतीचा, यापेक्षा त्या खांबाखाली कोण बसून वाचत होतं, यात मला जास्त रस आहे.

शेवटचं प्रकरण शाखांचं. मुख्य ग्रंथालयाच्या झगड्यात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. स्प्रिंग हिलचं १८९३ सालचं लाल विटांचं, मनोऱ्याचं ग्रंथालय मार्टिन आणि चेंबरलेन यांच्याच संस्थेचं. ते टिकलं, आज सुपरमार्केटला जोडून उभं आहे. इतर कित्येकांचं नशीब एवढं बरं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम महापालिकेने आपला खर्च आपल्याला झेपत नाही, अशी कायदेशीर जाहीर नोटीस काढली आणि त्यानंतर शाखांच्या वेळा कमी करण्याचे, काही इमारती सोडून देण्याचे प्रस्ताव आले. त्यांतलं काय अमलात आलं, काय मागे घेतलं, हे मी हस्तलिखित देईपर्यंतचं लिहिलं आहे. महापालिकेच्या बैठकांची इतिवृत्तं प्रसिद्ध होत असतात. पुढचं ज्याला हवं, त्याने ती पाहावीत.